यात काही बदलता येत नाही

फेब्रुवारीत सकाळी शाळेला निघाले की दिंडोरी रोडवर क्रेटनी भरलेल्या पिकअप गाड्या समोरून यायला लागतात. ताडपत्रीखालून द्राक्षांचा ओलसर, किंचित आंबूस वास येतो. सिग्नलला अशी गाडी शेजारी थांबली की लोक मान वळवून माल बघतात, यंदा मणी चांगला फुगलाय म्हणतात. मी मात्र तिकडे बघायचं टाळते. वीस-बावीस वर्षं झाली, तरी टाळते.

यंदा मात्र ते टाळता आलं नाही, कारण एकाच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. घरच्या कॉम्प्युटरवरचा जुना ब्राउझर काढून मी नवा घेतला आणि माझे दौलतमामा डोळे दाखवायला नाशिकला आमच्याकडे राहायला आले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

ब्राउझर बदलायला मी किती दिवस टाळाटाळ केली ते मीच जाणे. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, मुलांना रोज नवं काहीतरी सांगते, आणि घरी मात्र जुन्याच खिडकीतून जग बघत होते. वर पिवळी पट्टी यायची, हा ब्राउझर आता जुना झाला आहे म्हणून. मी ती फुलीने बंद करायचे. शेवटी बोर्डाचे फॉर्म त्यात उघडेनासे झाले तेव्हा नाइलाज झाला. नवा ब्राउझर आला आणि त्याने पहिल्यांदा विचारलं, जुन्याकडचं काय काय इकडे आणायचं? मी बराच वेळ त्या प्रश्नासमोर बसून राहिले. किती ब्राउझर आले आणि गेले. पहिला आठवतो तो नाशिकच्याच द्वारका चौकातल्या क्लासमधला.

द्वारकेला टायरच्या दुकानावर तो क्लास होता. जिन्यात रबराचा वास, खाली ट्रकचे हॉर्न, आणि वर काचेच्या दारातून आत गेलं की एकदम थंडगार. चपला बाहेर काढायच्या. एका कॉम्प्युटरवर दोघी, त्यामुळे तासातली तीस मिनिटं हात मांडीवर ठेवून दुसरीचा कर्सर बघायचा. सरांनी आम्हाला वेबपेज लिहायला शिकवलं. साध्या नोटपॅडमध्ये काहीतरी कंस आणि अक्षरं लिहायची, फाइल जतन करायची आणि ब्राउझरमध्ये उघडायची. माझं नाव लाल अक्षरांत पडद्यावर आलं तेव्हा अंगावर काटा आला होता. सर म्हणायचे, "ब्राउझर भोळा असतो. त्याला जे लिहून द्याल ते तो दाखवतो. कोणी लिहिलं, खरं की खोटं, ते त्याला कळत नाही." आम्ही ते वहीत लिहून घेतलं, परीक्षेला येईल म्हणून.

त्या शिकण्यावर मला पहिली नोकरी लागली, आणि ती मामांनी लावून दिली. दौलतमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. दिंडोरीच्या पुढे त्यांची द्राक्षबाग. तिकडेच रस्त्याला लागून एक पॅकहाउस होतं, परदेशी जाणारी द्राक्षं तिथे साफ करून, वजन करून पेट्यांत भरायची. मोठी थंड शेड, भर दुपारी स्वेटर घालून बसलेल्या बायका, डोक्याला पांढऱ्या टोप्या, हातात छोट्या कात्र्या. दिवसभर त्या कात्र्यांचा आवाज चालायचा. तिथल्या पवार साहेबांना मामा म्हणाले, "आमची भाची कॉम्प्युटर शिकलीय." साहेबांकडे कॉम्प्युटर होता, चालवणारं कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी काचेच्या केबिनमध्ये जाऊन बसले.

काम दिसायला सोपं होतं. ज्या बागेचा माल युरोपला जायचा, तिथले घड प्रयोगशाळेची माणसं पिशवीत सील करून नेत. फवारलेल्या औषधांचा अंश ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला तर तो माल परदेशी जात नसे. प्रयोगशाळेचा रिपोर्ट त्यांच्या वेबसाइटवर यायचा. मी फोनची तार कॉम्प्युटरला जोडायची, ती किरकिर, शिट्टी, घरघर ऐकायची, नमुन्याचा नंबर टाकायचा आणि वाट बघायची. पान सावकाश उतरायचं. आधी वरचा तक्ता, शेतकऱ्याचं नाव, गाव, प्लॉटचा नंबर. मग थांबायचं. मग खालचा तक्ता, एकेका औषधाचं नाव आणि पुढे आकडा. सगळ्यात शेवटी निकाल. मधेच कोणी साहेबांच्या टेबलावरचा फोन उचलला की लाइन तुटायची आणि पुन्हा पहिल्यापासून. शेतकरी दाराशी येऊन उभे राहत. ते पडद्याकडे बघत नसत, माझ्या चेहऱ्याकडे बघत. मला ते फार जड जायचं. मी बावीस वर्षांची होते.

त्या वर्षी मामांनी पहिल्यांदा आपली बाग युरोपसाठी नोंदवली होती. आमच्या सगळ्या नात्यागोत्यात त्याचंच बोलणं. मामी त्या दिवसांत बागेत चप्पल घालून जात नसत. मामांनी फवारणीची डायरी आणली होती, तिला प्लॅस्टिकचं कव्हर घातलं होतं. कुठलं औषध कधी मारलं ते तारखेसह त्यात लिहायचं असे, आणि काढणीच्या आधी ठरावीक दिवसांत काही औषधं अजिबात मारायची नसत. जानेवारीच्या शेवटी तीन दिवस ढग आले. अशा हवेत भुरी पडते, मणी पांढुरके होतात आणि बघता बघता घड हातचा जातो. ते तीन दिवस मामा घरात नीट बसलेच नाहीत असं मामी सांगत होत्या.

रिपोर्टचा दिवस मला तासातासाने आठवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी काढणी ठरलेली. मजुरांची टोळी सांगून ठेवलेली, थंड गाडी येणार होती. दुपारी तीनच्या सुमारास साहेबांनी केबिनमध्ये डोकावून विचारलं, "वैशाली, दौलतरावांचा आला का?" मी म्हटलं, बघते. लाइन जोडली, नंबर टाकला. वरचा तक्ता आला. मामांचं नाव इंग्रजीत मोठ्या अक्षरांत. मग खालचा यायला लागला. एक औषध, ठीक. दुसरं, ठीक. पाचव्या की सहाव्या ओळीवर आकडा दिसला आणि मी पान थांबवायच्या फुलीवर क्लिक केलं. निकालाची ओळ अजून आली नव्हती. जणू ती आली नाही तर निकाल लागलाच नाही.

साहेब पुन्हा आले. "काय झालं?"

"लाइन मिळत नाहीये, सर."

"बघ जरा. गाडीवाल्याला कळवायचंय."

ते गेल्यावर मी पान पुन्हा मागवलं. या वेळी पूर्ण आलं. मर्यादेपेक्षा जास्त. एका औषधाच्या एका आकड्यापायी.

पुढची दहा मिनिटं मी काय केलं ते आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. मी ते पान कॉम्प्युटरवर जतन केलं. नोटपॅडमध्ये उघडलं. द्वारकेच्या क्लासात शिकलेले तेच कंस आणि तीच अक्षरं समोर आली, त्यांच्यामध्ये मामांचं नाव आणि तो आकडा. मी नऊच्या जागी दोन लिहिला. निकालाची ओळही बदलली, दुसऱ्या एका पास झालेल्या रिपोर्टमधले शब्द उचलून. जतन केलं आणि ब्राउझरमध्ये उघडलं. हुबेहूब तसंच पान. तीच रेघ, तेच चिन्ह, तीच सही. हाताला इतका घाम आला होता की माऊसच्या पोटातला गोळा नीट फिरेना. दोन खिडक्या एकीवर एक उघड्या होत्या, एक खरी आणि एक माझी. फरक फक्त वरच्या पट्टीतल्या पत्त्यात. कागद छापला की तो पत्ता तळाशी बारीक अक्षरांत येतो, आणि तो येऊ न देण्याची सोयही मला माहीत होती. प्रिंटरमध्ये कागद होता. साहेबांनी आजवर माझ्या हातातून घेतलेला एकही कागद उलटून तपासला नव्हता.

तेवढ्यात मामा आले. बाहेर चपला काढून, पायाला गार लागत असताना, टोपी हातात घेऊन केबिनच्या दाराशी उभे राहिले.

"आला का गं?"

"येतोय," मी म्हटलं.

ते माझ्या शेजारच्या स्टुलावर बसले. काचेपलीकडे कात्र्यांचा आवाज चालू होता. थोडा वेळ गेला आणि ते खालच्या आवाजात म्हणाले, "वैशू, एक सांगतो, कुणाला बोलू नको. ते ढग आलते ना, तव्हा मी एक फवारा मारला. तारीख उलटून गेल्यावर. डायरीत नाय लिहिला."

मी माऊसवरचा हात काढून घेतला.

"दिसंल का गं ते यात?"

"दिसतं, मामा."

त्यांना कळलं. मी तो जड मॉनिटर दोन्ही हातांनी त्यांच्याकडे वळवला. दोन्हींपैकी कुठली खिडकी वर आणायची हे मी ठरवलं नव्हतं, पण आणली ती खरी आणली. मामांना इंग्रजी येत नव्हतं. मी त्यांचं नाव दाखवलं, मग तो आकडा दाखवला. त्यांनी आकड्यावर बोट ठेवलं आणि ते तसंच राहू दिलं. काचेवर बोटाचा ओला ठसा उमटला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "यात काय करता येतं का? एवढा एकच तर हाय."

त्या पानाच्या मागेच दुसरं पान उघडं होतं.

"नाही, मामा. यात काही बदलता येत नाही."

"पण तू तर शिकलीस ना यातलं."

"शिकले म्हणूनच सांगते. तिकडून जसं येतं तसंच दिसतं."

ते उठले. टोपी डोक्यावर घातली आणि थेट साहेबांच्या टेबलाशी गेले. काचेतून मला ऐकू येत नव्हतं. मामा उभ्यानेच बोलत होते, साहेब आधी मान हलवत होते, मग हलवायचे थांबले. मी ती फाइल पुसली. कचऱ्याच्या डब्यातूनही काढून टाकली. डबा खरंच रिकामा झाला का ते दोनदा उघडून पाहिलं. आणि खरा रिपोर्ट छापला.

मी प्रामाणिक होते म्हणून तसं बोलले असं मी कधी स्वतःला सांगू शकले नाही. दहा मिनिटांपूर्वी मीच आकडा बदलून बसले होते. मला भीती वाटली ती मामांची. ते 'कर' म्हणाले असते तर मी केलं असतं, आणि मग ते आम्हा दोघांचं झालं असतं, जन्मभर. त्यांच्यासाठी खोटं करायला मी तयार होते. त्यांच्या सांगण्यावरून करायला नव्हते. हा फरक मला आजही नीट समजावून सांगता येत नाही.

टोळी परत पाठवली गेली. माल गावच्या बाजारात गेला, उरलेल्याचा बेदाणा झाला. त्या वर्षी मामींनी आम्हाला दरवर्षीसारखं अक्षय्य तृतीयेला बोलावलं नाही. मामांनी मात्र कोणाला दोष दिला नाही. पुढच्या वर्षापासून त्यांनी डायरी अशी ठेवली की पॅकहाउसची माणसं ती दुसऱ्या शेतकऱ्यांना दाखवायची. दोन वर्षांनी त्यांची बाग पास झाली, आणि नंतर पुष्कळदा झाली. पारावर बसून ते सांगायचे, "त्या यंत्राला काय लपत नाय. आन् त्यात कुणाला बोट घालता येत नाय. आमची भाची सोता सांगती." लोक माना डोलवायचे. लग्नात, बारशाला, जेवताना मी त्यांच्या तोंडून ते ऐकलं की खाली ताटात बघायचे. वाटायचं, काय बिघडलं? एक माणूस त्यामुळे सरळ चालतोय. खरं सांगणं पुढच्या वर्षावर जायचं.

आता मामा सत्तरी ओलांडलेले आहेत. बाग मुलगा बघतो. या वेळी आले तेव्हा उंबऱ्यात चप्पल काढताना मला दिसलं, उजव्या पायाच्या अंगठ्याला जुन्या धोतराची चिंधी बांधलेली होती.

"काय लागलं, मामा?"

"काय नाय. बूट चावला."

"कधी?"

"झाले की पंधरा दिवस."

त्यांना साखरेचा आजार आहे, आठ-दहा वर्षांपासून. मी चिंधी सोडायला गेले तर त्यांनी पाय मागे घेतला. माझा आवाज चढला असावा. "गोळ्या घेताय ना वेळेवर?"

"बंद केल्या."

"बंद? कधीपासून?"

"संक्रांतीपासून. आता गरज नाय. चूर्ण घेतो ना." आणि त्यांनी सदऱ्याच्या खिशातून फोन काढला. कोणीतरी पाठवलेली लिंक त्यांनी जपून ठेवली होती. एक पान उघडलं. कुठल्याशा चूर्णाची जाहिरात, आणि तिच्या मधोमध कोणा रुग्णाचे रक्ताचे दोन रिपोर्ट, एक आधीचा, एक नंतरचा. पहिल्यात साखर तीनशेच्या वर, दुसऱ्यात शंभरच्या आत. खाली सही, शिक्का.

"हे खोटं आहे, मामा."

"खोटं कसं? कॉम्प्युटरमधला रिपोर्ट हाय. लॅबचा." ते माझ्याकडे शांतपणे बघत होते, शाळेत मास्तरांनी शिकवलेलं मास्तरांनाच म्हणून दाखवावं तसं. "यात बदल होत नाय. तूच सांगितलंस."

घरात आम्ही दोघंच होतो. मी त्यांच्या फोनमधली लिंक माझ्या कॉम्प्युटरवर घेतली आणि त्या नव्या ब्राउझरमध्ये उघडली. मामांना खुर्चीवर बसवलं.

"नीट बघा," मी म्हटलं. दुसऱ्या रिपोर्टातल्या आकड्यावर माऊस नेला, उजवं बटण दाबलं, आणि पानाच्या आतलं लिखाण उघडलं. हल्ली त्याला नोटपॅडही लागत नाही. रुग्णाच्या नावाच्या जागी 'दौलत' लिहिलं. आकडा खोडून पाचशे केला. सही तीच, शिक्का तोच.

मामा पुढे झुकले. चष्मा कपाळावर घेऊन पुन्हा खाली घेतला. "माझं नाव?"

"मी आत्ता लिहिलं. तुमच्यादेखत. हे कोणालाही येतं, माझ्या शाळेतल्या पोरींना येतं. तुमच्या रक्तात साखर किती ते रक्तच सांगतं, ते खरं असतं. पण पडद्यावर काय दिसावं ते लिहिणाऱ्याच्या हातात असतं."

खाली रस्त्यावर कोणीतरी रिक्षा वळवत होतं. मग त्यांनी विचारलं, "मग तव्हा?"

मला वाटलं होतं, इतक्या लगेच त्यांना ते सुचणार नाही.

"तेव्हाही येत होतं, मामा. मी केलंही होतं. तुम्ही आत आलात तेव्हा दुसरं पान तयार होतं."

"खरं दिसत होतं?"

"हुबेहूब."

"तू बोलली असतीस तर मी करायला लावलं असतं," ते म्हणाले. "पाय धरले असते तुझे."

"माहीत होतं मला."

"म्हणून नाय बोललीस?"

"हो."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, सुटले. तेवढ्यात ते म्हणाले, "ते तव्हाचं झालं. त्याच्यानंतर वीस वर्षं होती ना, वैशू. बाग चांगली चालली होती. जेवायला येत होतीस. मग का नाय बोललीस?"

मी कॉम्प्युटर बंद केला आणि रिक्षा बोलवायला खाली गेले.

डॉक्टरांनी चिंधी सोडली तेव्हा मी तोंड फिरवलं. जखम हाडापर्यंत गेली नव्हती, पण आणखी थोडे दिवस गेले असते तर अंगठा वाचवणं अवघड होतं असं ते म्हणाले. साखर मोजली, ती सांगू नये इतकी होती. मामा तीन आठवडे आमच्याकडे राहिले. रोज पट्टी बदलायला जायचं, गोळ्या, इंजेक्शन. मी हातावर गोळी ठेवायचे, ते गिळायचे. बोलायचे सगळं, बागेचं, पावसाचं, मुलाच्या ट्रॅक्टरचं. त्या गोष्टीचं नाही. अंगठा वाचला, नख गेलं. जाताना मामींसाठी दिलेला डबा त्यांनी नेहमीसारखा पिशवीत जपून ठेवला आणि दारात नेहमीसारखंच म्हणाले, "ये एकदा, आता काढणी हाय."

आता फोनवर काहीही आलं, औषधाचं असो, सरकारी योजनेचं असो, की ढगांचा अंदाज असो, ते आधी मला पाठवतात आणि मग फोन करतात. "हे खरं का खोटं?" मी बघते, शोधते, सांगते. ते ऐकून घेतात. मग विचारतात, "तू खरं सांगतीस ना?"

"हो, मामा."

ते लगेच फोन ठेवत नाहीत.